टोमॅटोची रोपं उन्हात नेण्याआधीचे नऊ दिवस

नवरात्रात घटाखाली पेरलेलं धान्य आठवून पाहा. आठवड्याभरात ते वीतभर वाढतं, पिवळंधमक आणि इतकं नाजूक की बोट लावलं तरी कलतं. दसऱ्याला टोपीत खोवायला, केसांत माळायला ते सुंदर असतं. पण तेच उपटून कुणी शेतात लावलं, तर संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. देवघराच्या अंधारात वाढलेल्या त्या पात्याला ऊन माहीतच नसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये वाढवलेली टोमॅटोची रोपं त्याच धान्याची भावंडं आहेत. थोडी जास्त हिरवी, इतकाच फरक.

हे मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. महिनाभर जपलेली 36 रोपं मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास थेट गच्चीवर नेऊन ठेवली आणि कामाला निघून गेले. संध्याकाळी पानांवर पांढरे, कागदासारखे कोरडे चट्टे पडलेले होते. मला वाटलं करपा आला. मी बुरशीनाशक फवारलं, वर आणखी पाणी घातलं. आठवड्याभरात सात रोपं उरली. करपा नव्हताच तो, रोपांना ऊन लागलं होतं. त्या दिवशी कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बाकीची 29 वाचली असती, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

रोपांना बाहेरची सवय लावण्याला नारायणगाव, जुन्नरकडचे टोमॅटो उत्पादक आणि रोपवाटिकावाले सरळ ‘हार्डनिंग’ म्हणतात. मी ‘रोप काटक करणं’ म्हणते. यूट्यूबवर परदेशातले व्हिडिओ पाहाल, तर त्यात सगळा जोर थंडीवर असतो: रात्री रोपं आत घ्या, हिमापासून जपा. पुण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरची रात्र साधारण 20 अंशांच्या आसपास असते, टोमॅटोला ती मानवते. आपल्याकडे रोपं मरतात ती दुपारी. ऑक्टोबर हीट, तापलेली फरशी आणि वरच्या मजल्यावरचा वारा या तिघांची सवय लावायची आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप सुचतं.

आधी रोपात नेमकं काय बदलतं ते पाहू. दुपारच्या मोकळ्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो. खिडकीपासून हातभर आत तो दोन-चार हजारांवर येतो, आणि काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतच नाही. अशा जागी वाढलेलं पान पातळ असतं, त्याच्यावरचा मेणाचा थर अपुरा असतो. वाऱ्याची झुळूक आली की पानातलं पाणी भराभर उडून जातं आणि मुळं तितक्या वेगानं ते पुरवू शकत नाहीत. थोडं थोडं ऊन मिळत गेलं, की मेणाचा थर जाड होतो, पान गडद आणि जाडसर होतं, खोडात ताकद येते, मुळं पसरतात. हे बदल व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यात घाई करता येत नाही.

कधी सुरू करायचं

पुण्यात नवख्या माणसानं टोमॅटोचा पहिला प्रयोग गणपतीच्या दिवसांत सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. गौरींचं विसर्जन झालं की बी पेरायचं. तिथून घटस्थापनेपर्यंत साधारण तीन आठवडे मिळतात, रोपाला चार-पाच खरी पानं येतात. नवरात्राचे नऊ दिवस रोप काटक करायचं आणि दसऱ्याला लावायचं. तोवर रोप साधारण 30-31 दिवसांचं होतं. 2020 सारखं अधिक आश्विनाचं वर्ष असेल तर मात्र सणांवर जाऊ नका, दिवस मोजा.

खरी पानं म्हणजे कातरलेल्या कडांची. अगदी सुरुवातीला येणारी दोन लांबट पानं मोजायची नाहीत. चार खरी पानं, वीतभराच्या आतबाहेर उंची, आणि रोपाचा ट्रे किंवा कागदी कप हलवला तरी ताठ उभं राहणारं खोड असं रोप तयार समजा. दोनच पानं असतील तर आणखी आठवडा थांबा.

जूनमध्ये लावणाऱ्यांची अडचण वेगळी. ढगाळ हवेत रोप उन्हाला तयार होतच नाही आणि मग जुलैत एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडलं की भाजतं. उन्हाळी टोमॅटो पहिल्या वर्षी नकोच. दिवसाचं तापमान 35 च्या पुढे आणि रात्रही उकाड्याची असली, की फुलं येतात आणि फळ न धरता गळून पडतात.

रोपवाटिकेतून रोपं आणणाऱ्यांनी पुढचा भाग आपल्यासाठी नाही असं समजू नये. सोलापूर रस्त्यानं जाताना दिसतात त्या हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं रोप खिडकीतल्यापेक्षा बरं असतं, पण तेही सावलीतलंच. घेताना विचारा, ‘हार्डनिंग झालंय का?’ हो म्हणाले तरी चार दिवस सवय लावा.

बाहेर नेण्याच्या आधीचा आठवडा

रोपं अजून घरात आहेत तेव्हाच दोन गोष्टी करता येतात. एक, दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवायचा, मांजरीच्या पाठीवरून फिरवतो तसा, दहा-पंधरा वेळा. हलण्याची सवय झालेलं खोड कमी उंच आणि जास्त जाड होतं. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, ते आवडीनं करेल. दोन, खत थांबवा. 19:19:19 असो, युरिया असो, की जीवामृत. नत्र मिळत राहिलं की रोप मऊ, पाणीदार, लुसलुशीत पालवी काढत राहतं आणि ऊन सगळ्यात आधी तीच भाजतं.

याच आठवड्यात पिवळे चिकट सापळे आणि बारीक छिद्रांची नायलॉन जाळी आणून ठेवा. का, ते पुढे सांगते.

नऊ दिवस

पहिले दोन दिवस ऊन अजिबात नाही. रोपं बाहेर, पण सावलीत: गॅलरीच्या आतल्या बाजूला, जिन्याच्या छपराखाली, भरपूर उजेड आणि थोडा वारा असेल तिथे. दिवसभर ठेवली तरी चालतील. रात्रीही तिथेच राहू द्या, पाऊस येणार नसेल तर. सावलीतसुद्धा पानं जराशी मान टाकतील, संध्याकाळी सावरतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात ते आठ, एवढंच ऊन. चौथ्या दिवशी नऊपर्यंत. पाचव्या दिवशी दहापर्यंत. कोवळं ऊन म्हणतात ते हेच, आणि बाळाला शेकवायला ज्या वेळी बाहेर आणतात तीच ही वेळ. ऑफिसला नऊला निघणाऱ्यांनी पाचव्या दिवशीही नऊलाच रोपं सावलीत ठेवून निघावं. तासभर ऊन कमी पडलं तर काही बिघडत नाही. दोन तास जास्त झालं तर बिघडतं.

सहाव्या दिवशी अकरापर्यंत, सातव्या दिवशी साडेबारापर्यंत. इथे सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फार उपयोगाची आहे. टाकीच्या किंवा लिफ्टच्या खोलीच्या पूर्वेला, भिंतीला अगदी चिकटून ट्रे ठेवला, तर त्याला सकाळचं ऊन मिळतं आणि साधारण साडेबारानंतर भिंतीची सावली त्याच्यावर येते. पुण्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावरून ढळतो तो सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान, म्हणून ही वेळ. तुम्ही घरी नसलात तरी भिंत तुमचं काम करते. एक दिवस आधी, सुट्टी असेल तेव्हा, दर तासाला वर जाऊन सावली कुठे सरकते ते खडूनं फरशीवर आखून ठेवा. तो एक दिवस पुढच्या सगळ्या वर्षांना पुरतो.

आठव्या दिवशी रोपं दिवसभर उघड्यावर, पण बारा ते साडेतीन डोक्यावर आडोसा. जुनी सुती साडी किंवा धोतर दुहेरी करून दोन काठ्यांवर बांधलं तरी पुरतं. प्लास्टिक नको, त्याखाली वाफ कोंडते. नवव्या दिवशी आडोसाही काढायचा. त्या दिवशी दुपारी दोन वाजता रोपं ताठ उभी असतील, किंवा वाकून पाचपर्यंत स्वतःहून उभी राहिली असतील, तर ती तयार झाली.

एखादा दिवस पूर्ण ढगाळ गेला तर तो मोजू नका, मागच्या पायरीवरच थांबा. हा हिशेब दिवसांचा असला तरी अखेर रोपाकडे पाहूनच ठरवायचा. पानावर पांढरट ठिपका दिसला की दोन दिवस मागे या. जळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण ते तोडायची गरज नाही. शेंडा पाहा. शेंड्यातली नवी पानं बाहेरच्या उन्हातच उमलत असतात, म्हणून ती पहिल्या पानांपेक्षा काटक निघतात. शेंडा हिरवा आहे तोवर रोप गेलेलं नाही.

ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठी गॅलरीचं थोडं गणित. पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी, कारण तिथलं ऊन आपोआप मर्यादित असतं. दक्षिणेच्या गॅलरीत दसऱ्यानंतर सूर्य खाली उतरत जातो, तसं ऊन दिवसेंदिवस आत येतं. टोमॅटोच्या पुढच्या चार महिन्यांसाठी ही जागा उत्तम, पण सवय लावताना आडोसा हवाच. पश्चिमेची गॅलरी अवघड: तिथे ऊन येतं तेच दुपारी, कडक. तिथे क्रम उलटा करा. पहिल्या दिवशी शेवटचा, साडेपाचचा उन्हाचा तुकडा द्या आणि रोज अर्धा-पाऊण तास आधी सुरुवात करा. नऊ दिवसांऐवजी बारा लागतील. उत्तरेच्या गॅलरीत थंडीभर थेट ऊन येत नाही, तिथे टोमॅटो लावूच नये. त्या जागेत पुदिना छान होईल.

फरशी आणि वारा

पानाकडे सगळे पाहतात, मुळाकडे कुणी पाहत नाही. दुपारी गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा. तुम्हाला दोन सेकंद उभं राहवत नाही, आणि त्याच फरशीवर चहाच्या कागदी कपात रोपाची मुळं सहा तास असतात. काळ्या प्रो-ट्रेचं, म्हणजे रोपवाटिकेतल्या खाचांच्या प्लास्टिक ट्रेचं, तर आणखी वाईट, तो वरूनही तापतो. ट्रे कधीच थेट फरशीवर ठेवू नका. दोन विटा, त्यावर लाकडी पाट किंवा फळी, त्यावर ओलं पोतं आणि मग ट्रे. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलानं जितकी रोपं वाचली, तितकी दुसऱ्या कशानं वाचली नाहीत.

वारा मजल्याप्रमाणे बदलतो. बाणेर, खराडीच्या उंच इमारतींत दहाव्या मजल्याच्या पुढे गॅलरीत जो वारा घुमतो, तो खाली कळतही नाही. तिथे पहिले चार दिवस कठड्याच्या आत, जमिनीलगत ठेवा आणि कप एकमेकांना चिकटवून एखाद्या क्रेटमध्ये बसवा. वाऱ्यानं पानाच्या कडा तपकिरी होऊन चुरगळू लागल्या तर ऊन नाही, वारा कमी करायचा.

पाणी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘हार्डनिंगमध्ये पाणी तोडायचं’ असं ऐकून काही जण रोपं वाळवूनच टाकतात. पाणी तोडायचं नाही, ताणायचं. म्हणजे वरचा थर कोरडा झाला, कप उचलल्यावर हलका लागला, की मगच द्यायचं. कप उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय दोन दिवसांत हाताला लागते. दुपारी मान टाकलेलं रोप पाहून लगेच झारी उचलू नका. संध्याकाळी ते स्वतः सावरतं का ते आधी पाहा. सकाळी सातला मरगळलेलं दिसलं मात्र, तर त्याला खरंच तहान लागली आहे, तेव्हा लगेच द्या.

पाणी सकाळी द्या. गच्चीवरच्या नळाचं दुपारचं पहिलं पाणी जवळजवळ चहाइतकं तापलेलं असतं, ते वाहून जाऊ द्या किंवा बादली सावलीत आधीच भरून ठेवा. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं तर वरून घातलेलं पाणी त्यात मुरत नाही, कडेनं निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी दिलंय. अशा वेळी ट्रे परातीत दोन बोटं पाण्यात वीस मिनिटं ठेवा, खालून शोषू द्या. वीस मिनिटांहून जास्त नको.

परतीचा पाऊस याच दिवसांत असतो, दुपारी तीननंतर गडगडाट करत येतो आणि अर्ध्या तासात ट्रेमधली माती उधळून टाकतो. ढग दाटले की रोपं छपराखाली. भिजलेली पानं रात्रभर ओली राहिली तर मग खराखुरा करपा येतो.

पांढरी माशी आणि कबुतरं

रोपं बाहेर आली की पांढरी माशीही त्यांना शोधते. ती जेमतेम मिलिमीटरभराची असते. पानाखाली बसते, रोप हलवलं की पीठ उडाल्यासारखी उठते. तिच्यामार्फत पर्णगुच्छाचा विषाणू पसरतो. पानं वर वळतात, आखडतात, रोप खुजं राहतं, फळ धरत नाही. विषाणूवर औषध नाही, असं रोप उपटून पिशवीत बंद करून टाकावं लागतं. आणि लागण जितक्या कोवळ्या वयात होते, तितकं नुकसान मोठं. म्हणून हे नऊ दिवस महत्त्वाचे.

घरातली मच्छरदाणी इथे कामाची नाही, तिच्या छिद्रांतून ही माशी सहज जाते. 40 ते 50 मेशची, म्हणजे एका इंचात तितकी छिद्रं असलेली, नायलॉन जाळी मागा. तिचा छोटा तंबू करून ट्रेवर घाला, कडा विटांनी दाबा. जाळीनं थोडी सावली पडते, तेव्हा शेवटचे दोन दिवस भर उन्हाच्या तासांत ती काढा. पिवळा चिकट सापळा ट्रेच्या उंचीवरच टांगा, वर कुठेतरी नको. शेजारी जुनी मिरची किंवा जास्वंद असेल तर तिची पानं उलटून पाहा. माशी बहुधा तिथूनच येते. बी अजून घ्यायचं असेल, तर अर्का रक्षकसारखं पर्णगुच्छाला प्रतिकारक वाण घ्या. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचं हे वाण आहे, आणि नवख्या माणसाची निम्मी काळजी त्यानं कमी होते.

कबुतरांबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ती कोवळे शेंडे तोडतात, कप उलटवतात. तीच जाळी इथेही उपयोगी पडते.

किती झालं म्हणजे पुरे

या दिवसांत रोपाची वाढ थांबल्यासारखी वाटते. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पान गडद हिरवं, हाताला जरा खरखरीत, खोडावर किंचित जांभळी झाक आणि दाट लव ही चांगली लक्षणं आहेत. पण दहा-बारा दिवस झाले, रोप तयार आहे, आणि बादल्या भरायला वेळ मिळत नाही म्हणून ते कपातच राहिलं, तर दुसरा तोटा होतो. मुळं कपात गोल गोल फिरतात, खोड लाकडासारखं होतं, वीतभर रोपाला कपातच कळी येते. असं रोप नंतर मोठ्या बादलीतही नीट पसरत नाही. म्हणून माती, शेणखत, 15-20 लिटरच्या बादल्या आणि आधाराच्या काठ्या घटस्थापनेच्या आतच तयार ठेवा.

डिसेंबरमध्ये दुसरी खेप लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्या वेळी पुण्यात रात्री पारा 10-12 अंशांवर येतो, कधी त्याखालीही. तेव्हा मात्र परदेशी सल्ला लागू पडतो: रात्री रोपं आत घ्या आणि सकाळी उन्हं आल्यावरच बाहेर न्या. पानांच्या खालची बाजू जांभळी पडू लागली तर ती थंडीनं गारठली आहेत असं समजा.

लावण्याची संध्याकाळ

दसऱ्याच्या दिवशी पाचनंतर लावा, सकाळी नाही. रोपाला पहिली रात्र गारव्यात मिळायला हवी. तासभर आधी कपाला पोटभर पाणी द्या, आता ताण संपला. खालची दोन पानं खुडा आणि खोडाचा तेवढा भाग मातीत जाईल इतकं खोल लावा. टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळं फुटतात. रोप लांबुळकं झालं असेल तर उभा खड्डा न करता चरात तिरपं निजवा आणि फक्त शेंडा वर ठेवा, तो एक-दोन दिवसांत स्वतः सरळ होतो. काठी आत्ताच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटं थर पसरा, खोडाला मात्र तो चिकटू देऊ नका.

इतकं काटक केलेलं रोपही लावल्यावर पहिले दोन दिवस दुपारी मान टाकेल, कारण मुळं नव्या जागी अजून रुळलेली नसतात. आठव्या दिवशीची ती साडी पुन्हा बांधा, बारा ते साडेतीन. तिसऱ्या दिवशी काढा. शेंड्यात नवं पान उलगडताना दिसलं, की मुळांनी माती धरली. त्यानंतर आठवड्यानं हलकं खत सुरू करायला हरकत नाही.

सगळी रोपं मात्र एकदम लावून टाकू नका. दोन-तीन चांगली रोपं कपातच, उन्हात, आठवडाभर राखून ठेवा. एखादं कबुतरानं मोडलं, एखादं मर लागून कोलमडलं, तर त्याच वयाचं, त्याच उन्हाला सरावलेलं रोप हाताशी असतं. कोजागिरीपर्यंत सगळ्या बादल्या भरलेल्या राहिल्या, तर राखलेली रोपं शेजारी देऊन टाका, आणि देताना ती उन्हाला तयार आहेत हेही सांगा, नाहीतर ते प्रेमानं पुन्हा सावलीत ठेवतील.